हिवाळी ऑलिंपिक : देश मोजायचे म्हणजे काय मोजायचं?

आज आपण एका साध्या आकड्यापाशी थोडा वेळ थांबणार आहोत. हिवाळी ऑलिंपिकमध्ये किती देश उतरले? १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीला १६, आणि २०२२ साली बीजिंगला ९१. म्हणजे साडेपाच पटींहून जास्त. यावरून आपण चटकन म्हणतो, की बर्फावरचे खेळ जगभर पसरले. हे म्हणणं अगदी खोटं नाही. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाची माणसं. कोणी मोजदाद पुढे केली, की आधी विचारतो, ‘एक’ कशाला म्हटलंय?

सुरुवातीच्या आकड्यापासूनच पाहू. शामोनीला जमलेल्या खेळाडूंच्या दृष्टीने तो ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ होता. त्याला पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा मान मिळाला तो नंतर, मागे वळून. म्हणजे मोजणी कुठून सुरू करायची, हेसुद्धा कोणीतरी ठरवलेलं असतं.

पुढची रेघही सरळ चढत गेलेली नाही. १९२८ साली सेंट मॉरिट्झला २५ देश होते आणि १९३२ साली अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला १७. बर्फ काही कमी झाला नव्हता. जागतिक मंदी होती, आणि युरोपातून समुद्र ओलांडून संघ पाठवायचा खर्च अनेकांना झेपणारा नव्हता. १९४८ साली जर्मनी आणि जपान यांना निमंत्रणच नव्हतं. म्हणजे या तक्त्यात पैसाही आहे आणि युद्धही आहे.

आता खरी गंमत बघा. १९८८ साली कॅल्गरीला ५७ देश होते. सहा वर्षांनी, १९९४ साली, लिलेहामरला ६७. दहाने वाढ. पण या सहा वर्षांत युरोपचा नकाशा बदलला होता. कॅल्गरीला सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, पश्चिम जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया असे पाच संघ होते. लिलेहामरला त्याच भूभागातून किती आले? जर्मनीचा एक, चेक आणि स्लोव्हाक असे दोन, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि बोस्निया हे तीन, आणि जुन्या सोव्हिएत संघातून बारा. बेरीज अठरा. पाचाचे अठरा झाले, म्हणजे तेराची भर पडली. पण एकूण वाढ तर दहाचीच! मग उरलेल्या जगाचं काय झालं? ५२ वरून ते ४९ वर आलं. आपला भारतही १९८८ ला होता, १९९४ ला नव्हता.

तेव्हा ‘६७’ हा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला ‘खेळ पसरला’ हा निष्कर्ष त्या सहा वर्षांपुरता चुकतो. खेळ पसरले नव्हते, राज्यं फुटली होती. शिवाय याच ६७ मध्ये प्यूर्तो रिको आणि बर्म्युडाही आहेत. ते सार्वभौम देश नाहीत, पण त्यांची स्वतःची ऑलिंपिक समिती आहे. तक्ता देश मोजत नाही, समित्या मोजतो.

याचा अनुभव आपल्याला २०१४ साली सोचीला आला. भारतीय ऑलिंपिक संघटना तेव्हा निलंबित होती. उद्घाटनाला आपले खेळाडू ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालले, आणि ल्यूजपटू शिवा केशवन त्याच झेंड्याखाली शर्यतीत उतरला. स्पर्धा चालू असतानाच, ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं. मग नदीम इक्बाल आणि हिमांशू ठाकूर हे दोघे भारताचे म्हणून खेळले. माणसं तीच, बर्फ तोच, तरी चार दिवसांपूर्वी ‘भारत’ मैदानात नव्हता आणि नंतर होता. सोचीच्या ८८ च्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

आणखी एक. या मोजणीत प्रत्येक संघाचं वजन सारखंच. बीजिंगला अमेरिकेचे दोनशेहून अधिक खेळाडू, तेही एक. आपला गुलमर्गचा आरिफ खान एकटाच, तोही एक. पदकांकडे पाहिलं तर अंतर लक्षात येतं. शामोनीला १६ पैकी १० देशांनी पदक मिळवलं, म्हणजे निम्म्याहून जास्त. बीजिंगला ९१ पैकी २९, म्हणजे एक तृतीयांशाहून कमी. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या नॉर्वेने एकट्याने ३७ पदकं नेली. दार रुंद झालंय, पण आतला ओटा अजून थोड्यांचाच आहे.

मग एकट्याने येणाऱ्यांना तक्त्यातून वगळायचं का? आम्हाला तसं मुळीच वाटत नाही. १९६४ साली भारताचं नाव या यादीत पहिल्यांदा आलं ते जेरेमी बुजाकोव्स्की या एका खेळाडूमुळे. १९९८ साली नागानोला शिवा केशवन सोळा वर्षांचा होता आणि भारताकडून एकटाच होता. नागानो धरून तो सलग सहा ऑलिंपिक खेळला. पण तक्त्यात एक सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याच्यामागे उभी राहायला हवी होती ती सगळी व्यवस्था, यांची खूण एकच : ‘भारत, १’. व्यवस्था नसली तरी ती खूण उमटतेच, आणि आपण आलो होतो असं समाधान आपल्याला देऊन जाते.

म्हणून पुढच्या वेळी ‘इतके देश सहभागी’ असं वाचलं, की आपण एवढंच विचारू या : यातले किती देशाने पाठवले, आणि किती देशाचं नाव घेऊन आपले आपणच गेले?