सातबाऱ्यावर नाव नाही

पाटण तालुक्यात जन्मलो, म्हणजे विजेच्या उशाशीच जन्मलो म्हणा. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली आणि पोफळीहून मुंबईकडं गेली. आमच्या वाडीत पहिला दिवा लागला तेव्हा मी सातवीत होतो. तोवर रॉकेलची चिमणी आणि तिची काजळी.

कोयना मुळात पूर्वेला, कृष्णेला मिळणारी नदी. तिचं पाणी अडवून डोंगरातून बोगद्यानं पश्चिमेला सोडलं. ते कोकणात कोसळतं, त्यावर जनित्रं फिरतात आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. शहाण्या माणसांचं काम ते, त्याला नावं ठेवायची नाहीत. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला तेव्हा आईनं मला पांघरुणासकट उचलून अंगणात टाकलं होतं, एवढंच मला आठवतं.

माझी आत्या पाण्याखाली गेलेल्या एका गावात दिली होती. मामा दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायचे. मोबदला उताऱ्यावरच्या नावाला मिळाला. आत्या दोन बैलं, एक जातं आणि तीन पोरं घेऊन आमच्याकडं आली. ती मरेस्तोवर सांगायची, "शेत त्यांचंच हुतं रं, पर त्यातला धोंडा न् धोंडा आमी येचला हुता."

हे दुखणं एकट्या कोयनेचं नाही. मुळशीला तर चाळीस वर्षं आधीच हे होऊन गेलं होतं. टाटांच्या कंपनीनं मुंबईसाठी वीज करायला मुळा-नीळेच्या संगमावर धरण बांधायला घेतलं. कोळशाच्या धुरापेक्षा पाण्याची वीज बरी, हे तेव्हाही सांगितलं जायचं. १९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढं सेनापती बापट तुरुंगात गेले. "जान किंवा जमीन" ही घोषणा तिथलीच. पण पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना जमीन नको होती, मोबदला हवा होता. तो त्यांनी घेतला आणि कसणारे मागं एकटे राहिले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. तोवर मुळशी बुडून गेली होती आणि कोयनेची माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली होती. त्यांच्या नातवंडांना अजून मोर्चे काढावे लागतात.

नव्वदीच्या शेवटी वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. दलाल दारोदार फिरायचे, "कातळ हाय, काय पिकतंय त्यात?" मीही एक तुकडा विकला. थोरल्या भावाचं ऑपरेशन होतं. तिथं धनगरांची मेंढरं चरायची, हे मला कागदावर अंगठा... नव्हे, सही करताना आठवलं नाही. दहावी शिकलेला माणूस मी.

आता सौरऊर्जा. शासनाच्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळची जमीन भाड्यानं घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरसाल तीन टक्के वाढ. दिवसा मोटारी चालणार. रात्रीच्या पाळीला पाणी धरताना एकदा घोणस पायावरून गेलेला मी, मला ह्याची किंमत कळते. योजना चांगली आहे.

माझी चार एकर उपकेंद्राला लागून आहे. दोन लाखांच्या आसपास बसल्या जागी येतील. पण ती चार एकर गेली अठरा वर्षं माझा वाटेकरी करतो, बायकोसकट. त्यानं परवा विचारलं, "तात्या, प्लेटा बसल्यावर आमी काय करायचं?" माझ्या तोंडातून काही निघेना. मला आत्याचं जातं दिसत होतं.

धाकटा म्हणाला, "सातबाऱ्यावर त्याचं नाव हाय का?" नाही. आत्याच्या नवऱ्याचंही नव्हतं.

मी कचेरीत जाऊन विचारलं, भाड्यातला तिसरा हिस्सा परस्पर वाटेकऱ्याला देता येईल का? साहेब भला माणूस, त्यानं फॉर्म उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, "तात्या, ह्याला रकानाच नाही."

रकाना नाही तर आपला आपण कागद करू म्हणून पाचशेचा स्टॅम्प आणलाय. मजकूर मी लिहिला, वाटेकऱ्याला वाचून दाखवला. जमीन दोघांच्या नावावर आहे, माझी सही झाली. धाकटा चार दिवस माझ्याशी बोललेला नाही. स्टॅम्प देवळीत ठेवलाय, त्याला येता-जाता दिसेल असा.