आगबोटीचा बाष्पक: कोणता भार निर्णायक?

विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या बंदरांचा मुंबईशी असलेला संबंध कित्येक पिढ्या आगबोटीवर अवलंबून होता, आणि आगबोटीचे सारे बळ तिच्या बाष्पकात, म्हणजे पाण्याची वाफ करून ती दाबाखाली धरून ठेवणाऱ्या बंद पात्रात होते. अशा पात्राच्या पत्र्याची जाडी ठरवताना एकाच भाराचा विचार करून भागत नाही. चालू स्थिती, थांबलेली स्थिती, तापणे, निवणे आणि गंजणे या साऱ्यांतून जी अवस्था सर्वांत कठोर, तिलाच निर्णायक मानून रचना करावी लागते. ही अवस्था कोणती, याचे उत्तर मात्र काळागणिक बदलत गेले.

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, त्या काळातील जहाजांचे बाष्पक पेटीच्या आकाराचे असत, वाफेचा दाब हवेच्या दाबाहून थोडाच अधिक असे आणि पाणी समुद्राचेच घेतले जाई. एवढा दाब सपाट भिंतींना आतून आधारदांड्या दिल्या की पेलत असे. खरा धोका मिठाचा होता, कारण भट्टीच्या माथ्यावर क्षारांचा थर साचला की पाण्याला पत्रा थंड ठेवता येत नसे आणि तापून मऊ झालेला माथा खाली बसत असे. शिवाय आग विझून वाफ निवली की आत निर्वात निर्माण होऊन बाहेरच्या हवेनेच पेटी चेपण्याची भीती असे, म्हणून हवा आत घेणारी झडप बसवीत.

पुढे वापरलेली वाफ निववून तेच गोडे पाणी पुन्हा बाष्पकात सोडण्याची सोय झाली, तेव्हा मिठाचा जाच कमी होऊन दाब वाढवणे शक्य झाले. १८८१ च्या ‘ॲबरडीन’ या जहाजात तो दर चौरस इंचाला १२५ पौंडांवर पोहोचला. आता बाष्पक दंडगोल झाला. दंडगोलात परिघाच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असल्यामुळे कवचाचे उभे, लांबीच्या दिशेचे सांधे निर्णायक ठरले. परंतु त्याच कवचाच्या पोटातील भट्टीच्या नळावर तोच दाब बाहेरून पडत होता, आणि बाहेरचा दाब पत्रा फाडत नाही, तर नळ चेपतो. विल्यम फेअरबर्न यांनी १८५८ मध्ये प्रयोगांवरून दाखवले की नळ जितका लांब, तितका तो लवकर चेपतो. हे ज्ञान केवळ फुटण्याच्या हिशेबातून कधीच हाती आले नसते. सॅमसन फॉक्स यांची १८७७ ची नालीदार भट्टी हे त्यावरचे समर्पक उत्तर होते, कारण पन्हळींमुळे पत्रा फारसा जाड न करता नळाला ताठपणा आला.

मालवणच्या किनाऱ्याशी सर्वांत जवळची अवस्था मात्र थांबण्याची होती. येथील खडकांमुळे आगबोट बाहेर नांगरून उतारू होडीने किनाऱ्यावर आणावे लागत. तेवढा वेळ यंत्र वाफ घेत नसे, पण भट्टी धगधगत असे आणि दाब चढू लागे. म्हणूनच ब्रिटिश व्यापार मंडळाच्या नियमांप्रमाणे वाफेचा मार्ग बंद ठेवून, पूर्ण आगीवर १५ मिनिटे चाचणी घेत आणि दाब ठरावीक मर्यादेच्या १० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये अशी अट असे. सुरक्षा-झडपेचा आकार प्रवासातील नव्हे, तर अशा खोळंब्यातील दाबाने ठरत होता. उतारू नेणाऱ्या आगबोटींची तपासणी १८८४ च्या कायद्याखाली होई. १९२३ च्या भारतीय बाष्पक कायद्यातून जहाजे वगळलेली होती.

आज मालवणजवळच्या तारकर्लीला पाणबुड्यांच्या पाठीवर असलेले हवेचे नळकांडे हेही दाबपात्रच आहे. २० मीटर खोलीवर समुद्र त्याला बाहेरून हवेच्या दाबाच्या सुमारे दुप्पट अधिक दाबाने दाबतो, तर भरलेल्या नळकांड्यात आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट असतो. तेथे आतला दाबच निर्णायक आहे, आणि तोही समुद्रात नव्हे, तर किनाऱ्यावर नळकांडे भरले जात असताना सर्वाधिक असतो.