चिप बंद झाली, तरी ‘परम’ थांबला नाही

१/ जालन्याच्या पोलाद उद्योगात भंगार वितळवण्यासाठी इंडक्शन भट्ट्या वापरतात. भट्टीला लागणारी उच्च वारंवारतेची वीज थायरिस्टर घडवतात आणि त्यांना अचूक क्षणी इशारा देते एक लहानसे नियंत्रण कार्ड. त्यावरील मुख्य चिपचे उत्पादन थांबले, की तसे कार्ड पुन्हा बनवणे अवघड होते आणि धडधाकट भट्टी अडून बसते.

२/ असाच पेच १९९०च्या दशकात पुण्यात, देशाच्या महासंगणकापुढे उभा राहिला होता.

३/ प्रगत अमेरिकी महासंगणक मिळवण्यात निर्यात-निर्बंध आडवे येत होते. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. संस्थापक संचालक होते डॉ. विजय भटकर. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला.

४/ त्याचा प्राण होता ‘इनमॉस’ या ब्रिटिश कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर. गणन करणे आणि चार दुव्यांद्वारे शेजारच्या चिपांशी बोलणे, ही दोन्ही कामे एकाच चिपमध्ये होती. तिचे बळ तेच आणि धोकाही तोच: चिप गेली, तर दोन्ही कामे जाणार.

५/ इनमॉस १९८९ मध्येच एसजीएस-थॉमसनकडे गेली होती. पुढची चिप टी-९००० रखडली, अपेक्षित वेग गाठू शकली नाही आणि अखेर ट्रान्सप्युटरची परंपराच खुंटली.

६/ सी-डॅकने मात्र सर्वस्व एका चिपवर ठेवले नाही. ‘परम ८६००’ मध्ये गणनाचा भार इंटेलच्या आय-८६० कडे दिला. ट्रान्सप्युटरकडे दळणवळण राहिले. दोन कामांची फारकत झाली.

७/ ‘परम ९०००’ची रचना तर सुट्या भागांची होती. नवा प्रोसेसर आला, तर तो सामावून घेता यावा, हा हेतू. सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क, अल्फा अशा वेगवेगळ्या प्रोसेसरांवर त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १९९८ मधील ‘परम १००००’ अल्ट्रास्पार्कवर उभा राहिला.

८/ यंत्र दशकानुदशके चालते; चिपचा नमुना बाजारात तितका टिकत नाही. उत्पादक बहुधा शेवटच्या खरेदीची पूर्वसूचना देतात. तेव्हा साठा करता येतो, पण साठाही कधीतरी सरतोच.

९/ म्हणून कार्ड विकत घेतानाच त्याचा आराखडा, त्यातील प्रोग्राम आणि जोडण्यांची माहिती मागून घ्यावी. कार्ड नेमके काय करते हे लिहिलेले असेल, तर नव्या चिपवर तेच काम पुन्हा उभे करता येते. ती माहिती हरवली, तर चिपबरोबर यंत्रही जाते.