चूक दाखवावी, पण कशी?

संगणक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. पण त्या यंत्राकडून काम करून घेणारी आज्ञावली आणि ती कशी वापरावी हे सांगणारी माहितीपुस्तिका, यांवाचून ते यंत्र म्हणजे किल्ली हरवलेले कुलूपच. पुस्तिकेतली एक ओळ चुकली, तर वाचणारा प्रत्येक जण त्याच खड्ड्यात पडतो. ती ओळ सुधारायची लिहिणाऱ्याने, हे खरे. पण त्याला ती दाखवायची कोणी? जो अडखळला त्यानेच. या दाखवण्याच्या रीतीलाही इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू.

१९६९ साली अमेरिकेत चार ठिकाणचे संगणक एकमेकांना जोडण्याचे काम चालू होते. आजच्या इंटरनेटचे मूळ त्यात आहे. या जोडणीचे नियम ठरवण्याचे काम बरेचसे विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडले. त्यांपैकी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण काढले. त्या टिपणांच्या मालेला नाव दिले 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्रायाची विनंती! आपण पोरांनी नियम घालून दिले तर वडीलधारी मंडळी रागावतील, ही धास्ती त्यामागे होती. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात त्यांनी सांगून टाकले की, एका वाक्याचे टिपणही चालेल. आणि जे लिहून आले ते प्रमाणच, असे कोणी मानू नये.

ही माला आजही चालू आहे. टिपणांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. जॉन पोस्टेल यांनी १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे संपादन सांभाळले. येथे एक कडक नियम आहे. टिपण एकदा प्रसिद्ध झाले की त्यातला आशय बदलायचा नाही. चूक सापडली तर शुद्धिपत्रात नोंदवायची. नोंदवणाऱ्याने कलम सांगायचे, मूळ मजकूर द्यायचा, दुरुस्त मजकूर द्यायचा आणि कारण लिहायचे. मग जाणकार ती नोंद तपासून मान्य करतात, नामंजूर करतात किंवा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवतात.

दुसरे उदाहरण स्टॅनफर्डचे निवृत्त प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांचे. 'द आर्ट ऑफ कंप्युटर प्रोग्रॅमिंग' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. त्यांच्या ग्रंथांतली चूक जो प्रथम दाखवील त्याला ते २ डॉलर ५६ सेंट देतात, आणि उपयुक्त सूचनेला ३२ सेंट. २५६ हाच आकडा का? संगणकवाले सोळाच्या पटीत मोजतात, आणि त्या मोजणीत २५६ म्हणजे आपले शंभर. पुष्कळांनी तो धनादेश वटवलाच नाही, चौकटीत बसवून भिंतीवर लावला! पुढे खात्याच्या क्रमांकांचा गैरवापर होऊ लागला, म्हणून २००८ पासून ते धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देतात. मान मात्र तोच राहिला.

या दोन्ही गोष्टींतून काय घ्यायचे? "पुस्तिका कळत नाही" एवढेच म्हणणे म्हणजे वैद्याला नुसते "बरे वाटत नाही" असे सांगणे. त्याने औषध तरी कशाचे द्यावे? त्यापेक्षा असे सांगा: "बाराव्या पानावर तिसऱ्या पायरीत बटण दाबा म्हटले आहे, मी दाबले, पण पुढचा पडदा आलाच नाही. आधी नाव नोंदवावे लागते, ते येथे लिहावे." जागा, केलेली कृती, अपेक्षा, घडलेले आणि सुचवलेली दुरुस्ती, या पाच गोष्टी आल्या की लिहिणाऱ्याचे अर्धे काम झाले. आणि बोलायचे ते मजकुराविषयी, माणसाविषयी नव्हे.

"आम्हां अडाण्यांना काय समजणार?" असे मात्र म्हणू नका. जाणत्याचे पाऊल गाळलेली पायरी सवयीने ओलांडून जाते. ठेच लागते ती नवख्यालाच. १९५६ साली पुणे भागातल्या दीडशे गावांत आकाशवाणीची शेतकरी श्रोतृमंडळे भरली, तेव्हा गावकऱ्यांनी कार्यक्रम ऐकून चर्चा केली आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवल्या. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला रस्ता दुहेरी असावा, हेच त्यामागचे तत्त्व.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एवढी सवय लावा: न समजलेल्या ओळीखाली रेघ मारायची आणि शेजारी का समजली नाही ते लिहायचे. आज जो गप्प बसतो, तो मागून येणाऱ्यासाठी खड्डा तसाच ठेवून जातो.