हा चिखल कुठला?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. घरच्या मंडळींना माझा नाद माहीत आहेच. रविवारी सकाळी लोक भाजी आणायला जातात, मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून प्लॅस्टिकचे रणगाडे रंगवत बसतो. तेही चकचकीत नाही, मळवून. "एवढे पैसे घालून आणतोस आणि मग घाण का करतोस?" हा आईचा प्रश्न तर आता पाठ झालाय.

पण खरा प्रश्न विचारला तो मामांनी.

मामा सैन्यात ई.एम.ई.मध्ये होते. म्हणजे बिघडलेली, अडकलेली, फुटलेली वाहनं ओढून आणायची आणि दुरुस्त करायची हे त्यांचं काम. एकदा मुलुंडला आमच्याकडे आले असताना मी त्यांना मोठ्या कौतुकाने माझा जर्मन पँझर फोर दाखवला. १:३५ प्रमाणातला, तळहातावर मावेल एवढा. राखाडी रंगावर हिवाळ्याचा पांढरा चुना आणि खाली चाकांना भरपूर चिखल. चिखल तर अस्सल होता! डोंगराच्या बाजूची तांबडी माती आणून, चहाच्या गाळणीने चाळून, फेव्हिकॉलमध्ये कालवून लावलेली.

मामांनी चष्मा वर करून दोन मिनिटं बघितलं. म्हणाले, "रशियातला ना हा? मग चिखल मुलुंडचा कसा? आणि चुना लावलाय म्हणजे बर्फ पडलेलं. मग चिखल ओला कसा?"

झालं! माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नापायी पुढचे कित्येक महिने मी रंग सोडून इतिहास वाचत बसलो.

आधी चुन्याबद्दल. आपल्याला चुना काही नवा नाही. लहानपणी दिवाळीआधी घरात सफेदी व्हायची. चुन्याची कळी भिजवायची, त्यात थोडी नीळ, थोडा सरस, आणि कुंच्याने फासायचं. सरस कमी पडला की भिंतीला टेकलेल्याची पाठ पांढरी झालीच म्हणून समजा. रणगाड्यांवरचा चुना असाच होता, मुद्दाम कच्चा. वसंतात बर्फ गेलं की तो निघून यावा आणि खालचा रंग पुन्हा उपयोगी पडावा, हा हेतू.

जर्मन सैन्य २२ जून १९४१ ला रशियात घुसलं तेव्हा त्यांचे रणगाडे गडद राखाडी होते. हिवाळ्याच्या आत मोहीम आटपेल असा वरच्यांचा हिशेब. तो चुकला. मॉस्कोच्या वाटेवर बर्फ पडायला लागलं आणि पांढऱ्या मैदानावर काळपट रणगाडे लांबून उठून दिसू लागले. पुरेसा पांढरा रंग पोचलेलाच नव्हता. मग जे हाताला लागेल ते, चुना, खडू, अगदी पलंगावरच्या चादरीसुद्धा. ५ डिसेंबरला सोव्हिएत सैन्याने प्रतिहल्ला सुरू केला.

म्हणजे बघा, मी ज्याला 'सुंदर विंटर फिनिश' म्हणत होतो ती खरं तर एक फसलेला हिशेब झाकायची धडपड होती. हे कळल्यावर माझा रंगवायचा हातच बदलला. पूर्वी मी पांढरा रंग सारखा, गुळगुळीत मारायचो. आता राखाडी रंगावर हेअरस्प्रेचा थर देतो, तो वाळला की वरून पातळ पांढरा ॲक्रिलिक. मग पाण्याने ओला करून जुन्या टूथब्रशने हळूहळू खरवडतो. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा पांढरा निघून येतो. कुठे काढायचा? जिथे माणसं चढतात तिथे. झाकणांच्या कडा, मडगार्ड, हात टेकायच्या जागा. बूट आणि हातमोजे जिथे घासतात तिथला चुना आधी जातो. ओळखीची खूण असते तिथे तो कधी लावलेलाच नसतो, कुंचा भोवतीने फिरवलेला असतो.

आता चिखल. रशियन भाषेत त्या चिखलाच्या हंगामाला 'रास्पुतित्सा' असा वेगळा शब्दच आहे. तो वर्षातून दोनदा येतो, शरद ऋतूत पावसाने आणि वसंतात बर्फ वितळल्यावर. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये पहिलं बर्फ पडून वितळलं आणि कच्चे रस्ते गेले. जर्मन रणगाड्यांचे पट्टे अरुंद, ते रुतायचे. रशियन टी-३४ चे पट्टे रुंद, म्हणून तो तुलनेने तरून जायचा. पण ऑक्टोबरात चुना नव्हता. कडक थंडीत चुना होता, पण चिखल गोठून दगड झालेला. चुना आणि ओला चिखल एकत्र दाखवायचा तर तारीख घ्यावी लागते १९४२ च्या वसंतातली, आणि मग चुना बराचसा उडालेला हवा. मामांचं म्हणणं एवढंच होतं. रणगाड्याला नुसता रंग देऊन भागत नाही, तारीख आणि गाव द्यावं लागतं.

आपल्या मुलुंडचंच घ्या ना. पश्चिमेला डोंगराकडे चिखल तांबडा आणि पूर्वेला मिठागरांकडे काळा. पावसाळ्यात घरी आलेल्या माणसाच्या चपला बघून तो रुळांच्या कुठल्या बाजूने आला ते सांगता येतं!

मामांना हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई झाली. आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी शेतात सोडलं होतं, उभ्या उसात रणगाडे दडवले होते. पाकिस्तानचे चाळीस-पंचेचाळीस टनी पॅटन त्या चिखलात रुतले. हवालदार अब्दुल हमीद यांना याच लढाईत मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नंतर पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेने उभे केले, त्या जागेला 'पॅटन नगर' नावच पडलं.

ते ओढून काढणाऱ्यांत मामा होते. युद्धाबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण चिखलाबद्दल त्या दिवशी बोलले. "वरून ऊन, खालून पाणी. वरचा चिखल वाळून पांढुरका, खालचा काळा, ओला. पट्ट्यांत उसाची पानं अडकलेली." मी विचारलं, "आणि आत?" ते म्हणाले, "आतलं विचारू नकोस." आणि चहा मागितला.

बर्फातले भारतीय रणगाडेही आहेत बरं का. १ नोव्हेंबर १९४८ ला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिलामध्ये शिरले. बुरूज काढून, झाकून, ते गुपचूप काश्मीरमध्ये आणले होते आणि मद्रास सॅपर्सनी वर जायला वाट तयार केली होती. तिथे रणगाडा येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. महिनाअखेरीपर्यंत कारगिल हातात आलं आणि लेहची वाट मोकळी झाली. माझ्या मते यापेक्षा चांगलं लपणं नाही. चुना फासून लपता येतं, पण शत्रूच्या डोक्यात जो विचारच नाही त्याच्या आड लपणं वेगळं.

मामा आता नाहीत. ते गेल्यावर मी नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात जाऊन आलो. रणगाडे नीट रंगवून ओळीने उभे आहेत. लोखंड जपायचं तर रंग हवाच, त्याला इलाज नाही. पण प्रत्येकापुढे उभा राहून मी मनात विचारत होतो, बाबा रे, तुझा चिखल कुठे गेला?

सध्या गॅलरीत एक पॅटन आहे. चुना नाही, बर्फ नाही. वरचा चिखल पांढुरका, खालचा काळा, आणि पट्ट्यांत कागदाची बारीक कापलेली उसाची पानं. झाकण मी बंदच चिकटवलंय.

आई परवा बघून म्हणाली, "हा दादाचा ना?" घाण का केलास, असं मात्र या वेळी विचारलं नाही.