वस्ताद आणि हेड कोच

मुरगुडात बोलायचं तर सुरुवात कुस्तीपासूनच करावी लागते. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं बघा ना: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. चेंडू विलायती, संस्कार लाल मातीचे. तालमीत पोराचा खुराक, झोप, मेहनत सगळं एकटा वस्ताद बघतो, म्हणून पोरगं चीतपट झालं की बोल त्यालाच लागतो. फुटबॉलच्या हेड कोचलाही आपण त्याच मापानं मोजतो. (आणि वस्तादाला कुणी काढत नाही, कोचला मात्र दोन सामन्यांत काढायला निघतो!)

२०१७ आठवा. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात, संघात आपला अनिकेत जाधव. २०१५ पासून संघ बांधत असलेले जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम वर्षाच्या सुरुवातीला गेले. मार्चमध्ये पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. हाताशी सात महिने. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४ अशी हार झाली.

आता हे पराभव कुणाच्या नावावर लिहायचे? बराचसा संघ अ‍ॅडम यांनी घडवलेला. पण कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातला पहिला गोल करणारा जिकसन सिंग संघात आला, तो मातोस आल्यावर.