सिम गेलं, किल्ली राहिली

आमच्या घरी अम्मीच्या शिवणाच्या डब्यात एक जुनं सिमकार्ड आहे. थोरले भाईजान नोकरीसाठी आखातात होते. सुट्टीवर घरी आले की आधी फोनचं मागचं झाकण उघडायचे. तिकडचं सिम बाहेर, इकडचं आत. तिकडचं सिम कागदात गुंडाळून अम्मीच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "सांभाळून ठेव, यात माझी नोकरी आहे." परवा त्यांचा मुलगा तिकडेच निघाला. घरी बसूनच त्यानं पडद्यावरचा चौकोनी कोड टिपला आणि तिकडचा नंबर फोनमध्ये येऊन बसला. अम्मीनं विचारलं, "मग मी काय ठेवू?"

तिच्या या प्रश्नाला उत्तर द्यायचं, तर पस्तीसेक वर्षं मागं जावं लागेल.

सुरुवातीच्या बहुतेक मोबाइल यंत्रणांत नंबर फोनलाच बांधलेला असे. यंत्र बदललं की कंपनीच्या माणसाकडे जायचं. युरोपात नवी सामाईक यंत्रणा आखताना ठरलं, की माणसाची ओळख वेगळी आणि यंत्र वेगळं. ही ओळख एका कार्डात ठेवायची. मूळची नोटा छापणारी म्युनिकमधली 'गीझेके अँड डेव्ह्रिएंट' ही कंपनी. तिनं १९९१ मध्ये पहिली तीनशे कार्डं फिनलंडच्या 'रेडिओलिंया'ला विकली. त्याच वर्षी १ जुलैला फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी त्या जाळ्यावरून पहिला फोन केला.

ते कार्ड बँकेच्या कार्डाएवढं होतं. फोन लहान होत गेले, तसं कार्डही कापत आणलं गेलं. आधी २५ बाय १५ मिलिमीटर, मग त्याहून लहान, आणि २०१२ मध्ये नखाएवढं. कापलं गेलं ते फक्त प्लास्टिक. आतली चिप तेच काम करत राहिली.

हे काम मोठं गमतीचं आहे. चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तीच किल्ली कंपनीकडेही. फोन जाळ्याला जोडू लागला, की कंपनी एक आकडा पाठवते. चिप आपल्या किल्लीनं त्याचं गणित सोडवून उत्तर धाडते. कंपनीही तेच गणित करते. उत्तरं जुळली तर दार उघडतं. किल्ली स्वतः कधीच बाहेर पडत नाही. कार्ड हे त्या किल्लीचं नुसतं घर.

मग घर मोडायची गरज कुणाला पडली? माणसांच्या आधी ती यंत्रांना पडली. वीजमीटर, मोटारी, पंप, रस्त्यावरचे सिग्नल, सगळे आपली खबर मोबाइलच्या जाळ्यावरून देऊ लागले. प्रत्येकात एक सिम. आता कंपनी बदलायची, तर हजारो मीटरांपाशी माणूस पाठवायचा का? मोटार तर एका देशात बनते आणि दुसऱ्याच देशात धावते. त्यात हादरे, ऊन, गंजणारे संपर्क.

आणि चोर! जोहान्सबर्ग शहरात सिग्नल बिघडला की त्यानं स्वतःच कार्यालयाला कळवावं, म्हणून त्यात सिम बसवली होती. २०११ च्या जानेवारीत जगाला कळलं, की दोनेक महिन्यांत सहाशेपैकी सुमारे चारशे सिग्नल चोरांनी फोडले होते. ती सिम फोनमध्ये घालून लाखो रँडचे फोन केले गेले. चौकातले दिवे विझले ते एवढ्याशा कार्डापायी.

उपाय निघाला तो असा : चिप यंत्रातच कायमची डाखून टाकायची, आणि कंपनीची किल्ली कुलूपबंद मजकुराच्या रूपात जाळ्यावरून तिच्यात उतरवायची. कंपनी बदलली की नवा मजकूर. मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, जीएसएमएनं, याचे नियम आधी यंत्रांसाठी केले आणि २०१६ मध्ये घड्याळं, फोन अशा आपल्या वस्तूंसाठी. युरोपात २०१८ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना अपघात होताच स्वतः मदत मागणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडेही सार्वजनिक वाहतुकीच्या गाड्यांतल्या स्थानदर्शक यंत्रांत असं कायमचं सिम असावं, असा नियम आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत विकायला आलेल्या आयफोन १४ ला तर सिमची खाचच नव्हती.

मित्रहो, यात सोय आहे, यात शंका नाही. पण भाईजान सिम बदलायचे ते स्वतःच्या नखानं. कुणाची परवानगी लागत नसे. आता तोच बदल समोरच्या यंत्रणेनं 'हो' म्हटल्यावर होतो. ही भीती नुसती कवीची नाही. ग्राहकाला सहज कंपनी बदलता येऊ नये, असे नियम कंपन्या संगनमतानं करत आहेत का, याची चौकशी अमेरिकेच्या न्याय विभागानं केली. २०१९ च्या नोव्हेंबरात जीएसएमएनं नियम ठरवण्याची पद्धत बदलण्याचं मान्य केलं, तेव्हा ती चौकशी मिटली.

म्हणजे कार्ड होतं तेव्हा आपला हक्क त्या वस्तूतच होता. वस्तू गेल्यावर तो नियमांत लिहून घ्यावा लागतो आणि त्यावर लक्षही ठेवावं लागतं. मीटर, मोटार, फोन घेताना यापुढे किंमत विचारू, तसंच हेही विचारू : याची कंपनी बदलायची झाली, तर ते कुणाच्या हातात?

अम्मीला मी एवढंच सांगितलं, की आता ठेवण्यासारखं काही नाही. तिला ते पटलं नाही. जुनं सिम तिनं पुन्हा कागदात गुंडाळलं आणि डब्यात सुयांच्या शेजारी ठेवलं.